मामांचं ‘आहेस ना?’

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस जयनगरातच काय, अख्ख्या बेंगळुरात सापडायचा नाही. कशावरही विश्वास टाकणं त्यांना आळशीपणाचं वाटे. बोम्मसंद्र्याच्या एका कंपनीत ते सर्व्हर सांभाळत. त्यांच्याच वशिल्यानं मीही तिथे चिकटलो होतो. इंटरनेट नवंनवं होतं. आलेलं काम निरनिराळ्या सर्व्हरांना वाटून देणारं एक यंत्र मामांनी बसवलं आणि त्याला थेट स्वतःचा स्वभाव दिला. ते यंत्र घटकेघटकेला प्रत्येक सर्व्हरला विचारी, “आहेस ना?” उत्तर आलं नाही की त्याला काम बंद. राउटरसुद्धा दोन. एक राबणारा, दुसरा पहिल्याच्या मरणाची वाट पाहत बसलेला. “बॅकअप हवाच, जावईबापू,” हे मामा दर पंगतीला ऐकवत आणि मी मुकाट्यानं भात कालवत असे.

घरीही तोच छळ. छत्र्या दोन, स्टोव्ह दोन, आणि माझ्या लग्नात भटजीही दोन! राखीव भटजी बिचारा सोवळं नेसून मंडपाच्या कोपऱ्यात ताटकळला आणि शेवटी जेवून गेला. ऑफिसातून मामींना सारखा फोन. “आहेस ना?” “आहे हो.” की फोन खाली. या उलटतपासणीला ते काळजी म्हणत. “स्वल्प बोलले तर काय जातं यांचं?” मामी म्हणत.

एकदा साहेबांना सगळं दाखवायचं ठरलं. मामांनी ऐटीत पहिला राउटर बंद केला. दुसऱ्यानं कारभार हाती घेतला. मामा मिशीत हसले. पण पडद्यावर पान काही उघडेना. एका सर्व्हरवरचा प्रोग्रॅम केव्हाच झोपला होता, तरी तो इमानदारीत “आहे, आहे” म्हणत होता आणि यंत्र त्यालाच काम देत होतं. मामांचा चेहरा पाहून मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

“जिवंत आहे का, एवढंच विचारत बसलो,” जागेवर येऊन मामा पुटपुटले, “काम होतंय का, ते विचारलंच नाही.” सवयीनं त्यांनी घरचा नंबर फिरवला. “आहेस ना?” मग फोन ठेवता ठेवता थांबले. “काय करतेस?”

पलीकडचं ऐकता ऐकता मामा खुर्चीतून उठले. मग ते ओरडले, “छातीत दुखतंय? सकाळपासून? मग मघाशी सांगितलं का नाहीस?”

मामी काय म्हणाल्या ते मला नंतर कळलं. “तुम्ही विचारलं कुठे?”

शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि त्या वाचल्या. त्यानंतर मामांचे फोन असे लांबले, की ऑफिसातल्या इतर कुणाला लाइन मिळेना. आमटीला फोडणी कशाची दिली, इथपासून चौकशी. आम्ही सगळे वैतागलो होतो.

आता मामी नाहीत. दुपारी फोन माझ्याकडे येतो. “काय करताय, जावईबापू?” हातात काम असतं, जीव मेटाकुटीला येतो. तरी डब्यात काय होतं ते मी सावकाश सांगतो, आणि ते ठेवेपर्यंत फोन ठेवत नाही.