बाबांना आई दिसत नव्हती

मंडळी, एक विचारायचं आहे, म्हणून लिहितेय.

आई-बाबा ज्येष्ठांच्या सहलीसोबत कोकणात गेलेत. दोघांचा उभा जन्म छत्तीसगडातल्या रायपुरात, बूढापारा भागातल्या तलावाकाठी गेला. समुद्र दोघांनी पहिल्यांदाच पाहिला. आज आईने किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल केला. बाबा पँट दुमडून लाटांसमोर खुशीत उभे होते.

"बाबा, कसं वाटून राहिलं?"

"मस्त! पण तुह्या आईले आणाले पाहिजे होतं. घरी एकटी काय करून राहिली असन?"

मला गंमत वाटली. आईने मात्र फोन स्वतःकडे वळवला आणि हळूच म्हणाली, "कालपासून असंच चालू आहे. मले 'ताई' म्हणून राहिले. कोणाले सांगू नको वं."

तेवढ्यात तिच्या मागे बाबा सरळ पाण्यात चालत निघालेले दिसले. मी ओरडले. फोन वाळूत पडला. मला नुसतं आभाळ दिसत होतं आणि आईच्या हाका ऐकू येत होत्या, "अहो, थांबा!"

बऱ्याच वेळाने सहलीतल्या कुणाचा तरी आवाज आला, "काकू, धरलं त्यांना."

बाबा सुखरूप आहेत. मी आजच त्यांना आणायला निघतेय. पण मघाशी आईने फोनवर विचारलं, "घरी आल्यावर तरी ओळखतीन ना मले?"

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा, मी तिला काय उत्तर देऊ?