कोटाचे चाळीस ग्रॅम

आत्यानं पस्तीस वर्षं बायकांचे कपडे शिवले, पण आतून दोरा लोंबतोय असा एक कपडा कधी तिच्या दुकानाबाहेर पडला नाही. गिऱ्हाईक कपडा सुलटा बघायचं, आत्या उलटा करून बघायची. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राहिलेलं दिसलं की तिचं डोकं फिरायचं. शेवटचा टाका घालायचा आणि लगेच ते छाटायचं, हा तिच्या हाताचा धर्मच झाला होता म्हणा ना.

अशा बाईच्या भाचीनं डिझाइनचं शिक्षण घेऊन यावं आणि म्हणावं, "आत्या, मला असा कोट करायचाय की कापडाची एक चिंधीसुद्धा उरायला नको," म्हणजे झाली का पंचाईत!

"मग चादरच गुंडाळून घे की," आत्या म्हणाली. "शिवायची तसदी कशाला?"

पण भाचीही तिच्याच रक्ताची. सहा महिने दोघी दुकानाच्या फरशीवर कागद पसरून भांडल्या. भाचीचं म्हणणं, कोपरे कापून टाकायचे नाहीत, आत दुमडायचे. कुठे त्यांचा खिसा होईल, कुठे खांद्याला आधार. काखेखालचे चार त्रिकोण तेवढे आत मोकळेच राहणार होते, उद्या कोट सैल करायची वेळ आली तर असावेत म्हणून. आत्याला ते त्रिकोण डोळ्यासमोर नको व्हायचे. तरी हळूहळू तिलाच त्या निळ्या कोटाचं असं वेड लागलं, की ती गिऱ्हाइकांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणून वाटेला लावू लागली. जन्मात केलं नव्हतं तिनं असं.

कोट जायचा होता हातमागाच्या प्रदर्शनात. नव्या दमाच्या बारा डिझायनरांना तिथे जागा मिळाली होती, त्यात भाची एक. कोट मंचावर गेला तर विणकरांची संस्था तिला वर्षभराचं काम देणार होती. नाही गेला, तर कुठल्यातरी कारखान्यात दुसऱ्यांच्या शर्टांना बटणं निवडत बसायचं. नियम सरळ होता आणि तेवढाच खडूस. आयोजकांनी कापड वजन करून दिलं होतं, आणि तयार कपडा पुन्हा काट्यावर चढायचा. दहा ग्रॅमपेक्षा जास्त घट आली की कपडा बाद.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दहा वाजता कोट काट्यावर ठेवला आणि तो चाळीस ग्रॅम कमी भरला.

भाचीनं पुन्हा ठेवायला लावला. पुन्हा तेच. तपासणीच्या बाई काही दुष्ट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "शेवटची तपासणी एक वाजता. याच कापडाचं काही राहिलं असेल तर आणून जोडा. दुसरं कापड चालणार नाही."

भाचीनं कोट उलटा केला. काखेखालचे चारही त्रिकोण सफाचट. शिवणी मात्र अशा नेटक्या, की बघत राहावं. ते बघून आत्याला आठवलं. आदल्या दिवशी शेवटचं बटण लावलं, दोरा तोडला, आणि पुढे हात आपसूक कात्रीकडे गेला होता.

"मीच कापलं गं," ती म्हणाली. "मुद्दाम नाही. हाताला कळलंच नाही."

भाची काही बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तरी आत्याला बरं वाटलं असतं. पण ती नुसती कोट मांडीवर घेऊन बसली. सहा महिन्यांची पोरीची मेहनत तिनं स्वतःच्या हातानं छाटली होती. रडायला नंतर वेळ मिळेल, असं म्हणून ती उठली.

दुकानातल्या चिंध्यांचं पोतं रोज सकाळी गादीवाला घेऊन जायचा, कापसात मिसळून उशा भरायला. आत्या मिळेल त्या गाडीनं त्याच्याकडे पोचली. पोतं रिकामं आणि भिंतीला सात उशा नव्या कोऱ्या, गुबगुबीत.

"ताई, भरून झाल्या की," तो म्हणाला.

"मग रिकाम्या करते," आत्या म्हणाली आणि पहिली उशी उसवायला घेतली.

"अहो, गिऱ्हाईक दुपारी येणार आहे!"

"संध्याकाळी ये म्हणावं. मी स्वतः शिवून देते. तुझ्यापेक्षा बरी शिवीन."

त्यानं कपाळाला हात लावला, आणि मग बिचारा स्वतःच दुसरी उशी उसवत बसला. दोन त्रिकोण तिसऱ्या उशीत सापडले, एक पाचवीत. चौथा निघाला अगदी शेवटच्या उशीच्या तळाशी. तोवर दोघांच्या केसांत, भुवयांत कापूसच कापूस.

आत्या परत आली तेव्हा बारा वाजून गेले होते. दालनात शिवणयंत्र नव्हतं. तिच्या पर्समध्ये सुई होती आणि दोरा फक्त पांढरा. शिवणीला इतकं लागून कापलं होतं, की आत दुमडायला धाग्याएवढंही कापड नव्हतं. जोड लपणं शक्यच नव्हतं. तिनं कडेला कड भिडवली आणि निळ्या कापडावर पांढरे, मोठे, आडवेतिडवे टाके घालायला सुरुवात केली. असे टाके दुसऱ्या कुणी घातले असते तर तिनं ती सुई खिडकीबाहेर फेकली असती. भाची शेजारी बसून कापड ताणून धरत होती.

एक वाजता कोट काट्यावर चढला. चार ग्रॅम कमी. बाईंनी कागदावर सही केली, तेव्हा कुठे आत्याच्या जिवात जीव आला.

कोट मंचावर गेला. घालणारी मुलगी वळली, कोट उघडला, आणि आतले पांढरे टाके सगळ्या दालनाला दिसले. कार्यक्रम संपल्यावर बाकीच्या डिझायनरांनी भाचीला गराडा घातला. संस्थेचे प्रमुखही आले. कोटाची आतली बाजू निरखत ते म्हणाले, "हे टाके फार धीट आहेत. जोड लपवायचा नाही, दाखवायचा. कल्पना कोणाची?"

भाची काही बोलायच्या आत आत्या पुढे झाली. "कल्पना कसली डोंबलाची? माझी चूक आहे ती. कापू नये तिथे कापलं मी. पोरीच्या माथी मारू नका."

प्रमुखांनी भाचीकडे पाहिलं. सकाळपासून मिटलेलं तोंड तिनं तेव्हा उघडलं.

"चूक तिची आहे," ती म्हणाली. "आणि कोटही तिचाच आहे. मी नुसता कागदावर काढला. काम द्यायचं असेल तर दोघींच्या नावानं द्या, नाहीतर राहू द्या."

"गप बस," आत्या म्हणाली. पण डोळे पुसायला हाताशी काही नव्हतं म्हणून तिनं पोरीच्या खांद्यातच तोंड खुपसलं.