पायाळूचा पाय

"हलकं झालं का?"

दुसऱ्याच्या पाठीवरून पाय खाली घेतला की तो हे विचारायचाच. समोरचा कंबर वळवून पाही आणि म्हणे, "झालं, मामा." मग मामाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरे, की वाटावं याचीच उसण उतरली.

तुमच्याही गावात असा एखादा पायाळू असेल. जन्मताना ज्याचे डोक्याआधी पाय बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की भरलेली उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. दिग्रसला आमच्याकडे हा होता. जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहणारा हमाल. उंच, काटक, दाढेत सदा लवंग. सकाळी कामावर निघण्याआधी त्याच्या ओट्यापुढे वाकडी माणसं ताटकळत असत. कोणाचं काही घेतलं तर गुण जातो म्हणून तो कोणाची विडीसुद्धा घेत नसे.

त्या गर्दीत जिनिंगचा मुकादमही असे. मामाचा पाय लावून घ्यायचा, ताठ व्हायचं आणि तासाभरात त्याच मामाच्या पाठीवर बोजा चढवून "चाल, पाय उचल" म्हणून ओरडायचं. हा माणूस आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. ऐन हंगामात मामा भिंत धरत दवाखान्यात आला. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून थेट अंगठ्यापर्यंत "कोणी तापलेली तार ओढून राह्यलं" म्हणाला. नुसतं खोकलं तरी कळ उठे. डॉक्टरांनी त्याला उताणं निजवून पाय सरळ वर उचलायला घेतला, तर तो किंचाळलाच.

"दुखणं पायात नाही, कमरेत आहे," डॉक्टर म्हणाले. "मणक्यांच्या मधे गादी असते. ओझ्याने ती सरकली आणि पायात उतरणाऱ्या शिरेवर दाबते आहे. याला सायटिका म्हणतात. महिनाभर फळीवर निजायचं, ओझं बंद. आणि एका पायावर उभं राहून लोकांना लाथा मारणं आधी बंद!"

मामाने मान डोलावली. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाला, "डाक्टर शिकेल हाय, पण हे त्याइले कसं समजन? इतक्या लोकाइच्या उसणी उतरवल्या, त्या जातीन कुठं? माह्याच पायात येऊन बसल्या."

"मामा, कंबर बोज्यानं गेली. उसणींचा काय संबंध?"

"मंग बाकीच्या हमालाइले काहून नाही झालं?"

"झालं ना! तेच तर येतात तुमच्या ओट्यावर!" मी ओरडलो.

मामा हसला. हसता हसता कळ आली, तशी कंबर धरून खाली बसला.

घरी मामीने दाराची जुनी फळी जमिनीवर टाकून त्याला निजवलं. पण लोक ऐकतील तर ना! "उठू नका मामा, नुसता टेकवा." मामी दारात आडवी व्हायची. "त्याले निजू द्या रे बापहो!" आणि हा शहाणा आतून म्हणायचा, "येऊ दे वं. दुरून आला असन." मग चौकट धरून उठायचा. मी गोळ्या द्यायला गेलो की आधी ओटा रिकामा करायचो, तोंडाला येईल ते बोलून. देवळाला कुलूप लावणाऱ्याकडे पाहावं तसे लोक माझ्याकडे पाहत. पंधरवडाही झाला नसेल, मुकादमाचा निरोप आला की येत नसशील तर दुसरा माणूस पाहतो. मामा पुन्हा बोज्याखाली गेला.

मग ओट्यावरच्या लोकांनीच ठरवलं, पाय दुरुस्त केला पाहिजे. त्यांचा पाय! बैलगाडीत घालून मामाला महागावकडे एका डागणाऱ्याकडे नेलं आणि लंगड्या बैलाला देतात तसे तापल्या विळ्याने पोटरीवर डाग दिले. दुखणं कमरेत, डाग पोटरीला. ती चिघळलेली पोटरी मी रोज धूत होतो आणि मनात एकेकाचा उद्धार करत होतो. मामा म्हणे, "त्याइचा काय दोष? भल्यासाठीच केलं."

एक दिवस तो हसत आला. "कंपोंडर, दुखणं गेलं!" मीही हसलो असतो, पण त्याचं पाऊल फटकन जमिनीवर आपटत होतं, बोटं घासत होती. डॉक्टरांनी अंगठ्यापासून वर टाचणी टोचत नेली. मामा खिडकीबाहेर पाहत होता, त्याला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली. दाबून दाबून शीर मेली होती, दुखणार काय?

तुम्हाला वाटेल, आता तरी त्याला सोडलं असेल. छे! पाऊल उचलत नाही, तर लोक स्वतःच दोन्ही हातांनी ते उचलून पाठीला लावू लागले. गुण येतो म्हणे. मेल्या पायालाही त्यांनी सुट्टी दिली नाही.

शेवटी मामी त्याला राळेगावला लेकीकडे घेऊन निघाली. मी एसटीवर गेलो होतो. गाडी लागली, पण मामाचं पाऊल पायरीवर चढेना. गर्दीतून मुकादम पुढे धावला, खाली बसला आणि त्याने ते हातांत घेतलं. मला वाटलं, चला, एवढी तरी माणुसकी. पण पायरीवर ठेवण्याआधी तो पाठमोरा झाला आणि ते पाऊल त्याने आपल्या कमरेला नीट घासून घेतलं.

मी शिवी हासडली. मामीने तोंडाला पदर लावला.

आणि मामा दांडा धरून, तोल सावरत, खाली वाकला. "हलकं झालं का?"