कुंपणाची बेरीज

बाभळीच्या काट्याची मला आजही किळस येते, आणि त्याहून जास्त माझ्या काकांच्या गोड बोलण्याची.

वडील गेले त्याच वर्षी काकांनी वाटणी केली. आम्हा मायलेकांना मालेगावच्या रस्त्याला लागून एक पट्टी दिली, वीस पावलं रुंद अन् एकशेऐंशी लांब. मागचं सगळं वावर त्यांचं. "वहिनी, रस्त्यालगतचं देऊन राह्यलो तुमाले, भाजी वाहाचा तरास नाही," असा वर उपकार! रस्त्यानं ढोरं जात, म्हणून माय दरसाल बाभळी तोडून वांगी-मिरच्यांना चौफेर कुंपण घालायची. तळहात पिकायचे, पू व्हायचा. तशाच हातांनी ओठ चावत भाकरी थापायची. शी! घास घशाखाली उतरत नसे.

मी अकोल्याला शिकायला होतो. मास्तरांनी एकदा सांगितलं, दोन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाहून कधीच लहान नसते. गुणाकार ठरलेला असला, तर दोन्ही सारख्या असताना बेरीज सर्वांत कमी. मी लगेच आमचं वावर मांडलं. वीस गुणिले एकशेऐंशी, छत्तीसशे. साठ गुणिले साठ, तेही छत्तीसशे. पण एकाला कुंपण चारशे पावलं, दुसऱ्याला दोनशेचाळीस!

सुटीत काकांना हे समजावून चौरस तुकडा मागितला. "जमीन तेवढीच हाये ना बाप्पा? मंग डोकं कायले खाऊन राह्यला?" म्हणाले, अन् पचकन थुंकले.

परतताना धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभा राहिलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. रस्त्याच्या बाजूनं काकांना कुंपणच नव्हतं. आमची लांबलचक पट्टी त्यांची ज्वारी फुकट राखत होती. कमीत कमी कुंपण त्यांनीही काढलं होतं की, त्यांचं उत्तर शून्य. थू असल्या हुशारीवर!

मी मायला सांगितलं. त्या साली तिनं पट्टी पडीत ठेवली, कुंपण घातलं नाही, लोकांच्या मळ्यात तण निंदायला गेली. ढोरं पट्टी ओलांडून थेट काकांच्या ज्वारीत.

काका तणतणत दारात आले. "वहिनी, औंदा कुंपण काहून नाही केलं?"

"माह्या वावरात ढोरायनं खावं असं काहीच नाही, भाऊजी."

रस्त्याची एकशेऐंशी पावलं एकट्यानं राखण्यापेक्षा साठ आमच्यावर टाकलेली बरी, म्हणून एरंडेल प्याल्यागत तोंड करून त्यांनी चौरस तुकडा कबूल केला. माय आत जाऊन भाकरी थापू लागली. त्या साली हातांना काटा लागला नव्हता. तिनं ओठ चावला नाही.