डाव्या दिव्याची खोड

माझ्या गाडीचा डावा दिवा एका हंगामात तीनदा गेला आणि तिन्ही वेळा मी मिळेल त्याला दोष दिला. बल्ब बनवणाऱ्यांना, विकणाऱ्याला, रस्त्याला, बॅटरीला. माझा स्वभावच तसा आहे. आधी भांडायचं, मग बघायचं.

गाडी छोटी, पण चारही चाकांना जोर असलेली. मी शेळ्या-मेंढ्यांची डॉक्टर आहे आणि माझे रोगी काही डांबरी रस्त्याला राहत नाहीत. नांगरलेल्या रानातून, ओढ्याच्या वाळूतून हीच गाडी मला नेते. आमच्या गल्लीत तिला 'डॉक्टरीणबाईंचं डबडं' म्हणतात. मीही म्हणते, पण दुसऱ्याने म्हटलेलं मला खपत नाही. तिचं सगळं चांगलं होतं, फक्त दिवे मिणमिणते. मुळात आलेल्या बल्बांच्या उजेडात खड्डा दिसायचा तो चाक त्यात गेल्यावर.

आणि माझं काम दिवेलागणीचं. कळप दिवसभर रानात चरतो. शेळी लंगडतेय, मेंढीचं पोट फुगलंय हे कळतं ते कळप संध्याकाळी परत आल्यावर, आणि मग माझा फोन वाजतो. सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागावं, तर पुढे उसाचे ट्रॅक्टर. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या आणि मागे लाल दिवा तर सोडाच, चकाकणारी पट्टीसुद्धा नाही. एकदा अशी एक ट्रॉली अचानक पुढ्यात आली आणि मी ब्रेकवर उभी राहिले. बॉनेटवर दोन ऊस येऊन पडले. ते मी घरी आणले, ही माझी चूक. सासूबाईंनी ऊस कुठून आला ते विचारलं आणि मी खरं सांगून बसले.

सासूबाई मूळच्या कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या. घरात त्यांना दोन भाषा. राग आला की मराठी आणि काळजी वाटली की कानडी. मला कानडी येत नव्हतं, त्यामुळे लग्नानंतरची तीन-चार वर्षं मला त्यांचा फक्त रागच कळला. त्या दिवशी त्या मराठीत बोलल्या. अंधार पडायच्या आत घरात यायचं नाहीतर ते डबडं विकून टाकायचं, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोन्ही पक्षांना बाहेरून पाठिंबा दिला. अंधार पडायच्या आत घरी येणाऱ्या डॉक्टरणीला कोण बोलावणार? सहा महिन्यांत माझं काम बसलं असतं. तेव्हा मी म्हटलं, गाडी विकायची नाही, दिवे बदलायचे.

सात रस्ता चौकाजवळ एक मिस्त्री आहेत, गाड्यांच्या वायरी जोडतात. त्यांनी सांगितलं की नुसते मोठे बल्ब घातले तर होल्डर वितळेल. आधी वेगळी जाड वायर टाकू, बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा रिले बसवू, चिनी मातीचे होल्डर घालू, मग शंभर वॅटचे बल्ब. मी पांढऱ्याशुभ्र एलईडीचं विचारलं, तर ते म्हणाले की तुमच्या दिव्याच्या काचेला तो उजेड सोसणार नाही, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल आणि तो तुमच्यावर येईल. वायरिंग त्यांनी केलं. बल्ब मात्र मी स्वतः बसवणार असं मी जाहीर केलं, कारण गाईच्या पोटातलं वासरू जी फिरवू शकते तिला एक बल्ब फिरवता येऊ नये म्हणजे काय! मिस्त्रींनी हसून एकच ताकीद दिली. "काच को हात मत लगाव मॅडम. उंगली का तेल लगा तो बल्ब वहींच फुगता, फिर फटता."

नवे बल्ब घरी आले की काय होतं, हे इथे सांगायला हवं. आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आधी एक रात्र देवापुढे राहते. कुकर राहिला, नवऱ्याचा मोबाइल राहिला, माझा स्टेथोस्कोपसुद्धा राहिला आणि सकाळी त्याच्यावर विभूतीचे तीन पट्टे होते. त्यामुळे बल्बांचे दोन खोके, एकावर एक, देव्हाऱ्यात गेले. सकाळी ते मी उचलले, कोपरापर्यंत येणारे गाई तपासायचे हातमोजे चढवले आणि बॉनेट उघडलं. गल्ली गोळा झाली. वरच्या खोक्यातला बल्ब डावीकडे, खालच्यातला उजवीकडे. समोरच्या आजोबांनी विचारलं, गाडी गाभण आहे का. मी बॉनेटमध्ये आणखी खोल वाकले.

उजेड काय पडला म्हणून सांगू! बाभळीचा काटा न् काटा दिसत होता. तीन आठवडे मी राणीसारखी हिंडले आणि मग डावा दिवा गेला.

मी दुकानदाराशी भांडले. त्याने बिचाऱ्याने नवा जोड दिला. पुन्हा देव्हारा, पुन्हा हातमोजे, पुन्हा महिन्याभरात डावाच. या वेळी मी मिस्त्रींशी भांडले. त्यांनी वायर तपासली, बॅटरी तपासली आणि माझ्या हातांकडे बघितलं. मी शपथेवर सांगितलं की काचेला माझं बोटही लागलेलं नाही. घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि अट घातली: आणखी एकदा दिवा गेला तर दिवेलागणीआधी घरात. मीही ताठ्यात हो म्हणाले. तिसरा जोड दोन आठवडेसुद्धा टिकला नाही.

शब्द तो शब्द. आठ दिवस मी दिवे लागायच्या आत घरी येऊन भाजी निवडत बसले. फोन यायचे आणि मी सकाळी येते म्हणायचे. मैंदर्गीजवळच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाची मेंढी फुगली होती. त्याने शांतपणे सांगितलं, "ऱ्हाऊ द्या बाई. सकाळपातूर ती न्हाय ऱ्हायची." ती राहिली नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फुटका बल्ब घेऊन मी मिस्त्रींकडे गेले, या वेळी न भांडता. त्यांनी तो चष्म्याजवळ धरला. काचेला एका बाजूला फुगा आला होता आणि तिथेच ती तडकली होती. जिथे काच पत्र्याच्या कड्यात शिरते तिथल्या फटीत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलं आणि पांढरी पूड माझ्या तळहातावर पाडली. "ये क्या है मॅडम? राख?"

मी वास घेतला. हा वास मी रोज सकाळी माजघरात घेते.

म्हणजे खोके नुसते देवापुढे राहत नव्हते. सासूबाई वरचा उघडत होत्या, बल्ब बाहेर काढून हातात धरत होत्या, ओल्या बोटांनी काचेवर विभूती ओढत होत्या, पदराने पुसून तो परत ठेवत होत्या. आणि तो मी दर वेळी नेमाने डावीकडे बसवत होते. जिला माझ्या दिव्याची सगळ्यात जास्त काळजी होती तीच तो विझवत होती! मिस्त्रींच्या टपरीवर मी इतकी हसले की त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत मला रडू यायला लागलं होतं.

सांगावं तर मी त्या अटीतून सुटत होते. पण सांगायचं काय? की तुमच्या हाताने माझा दिवा फुटतो? मी भांडखोर आहे, पण हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मग मी लबाडी केली. चौथा जोड मिस्त्रींकडेच बसवला आणि त्याच्या रिकाम्या खोक्यांत जुने गेलेले बल्ब घालून घरी देव्हाऱ्यात ठेवले. सकाळी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, आणखी एकच संधी द्या. त्या चटकन हो म्हणाल्या. इतक्या चटकन की मला शंका यायला हवी होती.

त्याच संध्याकाळी मी निघाले, तर त्यांनी मला उंबऱ्यात थांबवलं आणि माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. "हुशारागी होगु," म्हणाल्या. सांभाळून जा. एवढं कानडी मला आता कळतं. मला वाटलं, सोमवार आहे म्हणून लावली असेल.

ऊस संपला, उन्हाळा आला, पावसाळा गेला. डावा दिवा काही गेला नाही. परवा संध्याकाळी चहा पिता पिता माझ्यातली बढाईखोर जागी झाली आणि मी म्हटलं, बघा आत्याबाई, वर्ष होत आलं, एकदा तरी दिवा गेला का?

त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता मराठीत बोलल्या. "दिव्याचं ऱ्हाऊ दे. देवापुढं जळकेच ठिवलेस की. काळे पडलेले. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मी कप खाली ठेवला. पुढचं सगळं, फुगा, तडा, राख, एका दमात सांगून टाकलं आणि माफी मागितली. त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. बोटं पदराला पुसली, ती जरा वेळ निरखून पाहिली.

"बल्बला चालत न्हाई तर सांगायचं हुतं. जळके बघितल्यावर मला वाटलं, हिला आता दिव्याला लावलेलं नको हाय. म्हणून मग तुलाच लावलं."

तेवढ्यात फोन वाजला. मैंदर्गीचाच होता, शेळी अडली होती. मी बॅग उचलली, किल्ली घेतली, उंबऱ्यापर्यंत गेले आणि मग परत येऊन त्यांच्यापुढे वाकून कपाळ पुढे केलं.