एका मुठीचं माप

माझं तांदळाचं दुकान चर्चच्या फाटकासमोर आहे. दुसऱ्यांची पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःची पोती विकण्यापर्यंत आलो. मध्ये कुणाचे उपकार नाहीत. त्यामुळे मला कुणी टाळलं की ते मी विसरत नाही.

त्या वर्षी गोंदियातल्या काही संस्थांनी मिळून दान दिवस ठरवला होता. चर्चनं ठरवलं, सरकारी दवाखान्यात रोग्यांजवळ बसून राहणाऱ्या नातेवाइकांना त्या दिवशी खाऊ घालायचं, तेही घराघरातल्या तांदळातून. स्वयंपाकाआधी रोज एक मूठ बाजूला काढायची, ही तिथल्या बायकांची जुनी रीत. यंदा त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांनाच विचारलं. पानठेलेवाल्याला विचारलं, पंक्चरवाल्याला विचारलं. समोर तांदळाचं दुकान, आणि मला नाही!

चर्चमधलं हे सगळं काम आमच्या शाळेतल्या बाई सांभाळत होत्या. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. माझी बायको त्याच दवाखान्यात वारली, तेव्हा व्हरांड्यात माझ्याजवळ बाईच बसून होत्या. म्हणून जास्त लागलं.

आदल्या दिवशी सकाळी चर्चचे तरुण पाळकसाहेब ताटली घेऊन दुकानात आले. "काका, थोडा भात लावून पाहिला. असा का झाला?"

मी चिमटीत घेतला. एक शीत शिजून गिचका झालेलं, शेजारचं टणक.

"सगळे तांदूळ एकाच ड्रममध्ये ओतले?"

"हो."

मी तडक समोर गेलो. ड्रममध्ये हात घातला तर जुना, नवा, उकडलेल्या धानाचा उसना, रेशनचा, कुणाचा वासाचा चिन्नोर, सगळा एकत्र.

"बाई, कोनं केलं हे? तांदळाच्या गावात राहून राहिले ना तुम्ही?"

"मीच केलं. कायले ओरडून राहिला?"

"जुन्याले पानी जास्त लागते, नव्याले कमी. उसना शिजेपर्यंत बाकीच्याची पेज होते. उद्या लोक काय खातीन?"

"मग काय करू म्हणतोस?"

"हा ड्रम मले द्या. बदल्यात एकसारखा तांदूळ देतो, वरून एक पोतं जास्त. बोला, पक्का?"

"नाही."

"दोन पोती."

"लोकांनी हे दिलं आहे. हेच जाईल."

आयुष्यभर सौदे केले, पण फायदा नाकारणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. डोकं फिरलं. "मग दळून टाका! याचं पीठच होते, दुसरं काही नाही होत!"

"मग पीठ कर," बाई शांतपणे म्हणाल्या. "पिठाचे चिले होतात."

मागं तांदूळ निवडत बसलेल्या बायका लगेच त्या धिरड्यांसोबतच्या टमाटरच्या चटणीवर बोलू लागल्या. पिठाला जुनं-नवं कळत नाही, हे मला त्यांच्याआधी सुचायला हवं होतं. तरी पोटातलं बाहेर आलंच.

"मले काऊन नाही विचारलं?"

"तुला मूठ मागितली असती तर तू पोतं आणून टाकलं असतं. मग बाकीच्यांच्या मुठी कुठं दिसल्या असत्या? आत्ता काय देऊन राहिला होता?"

मी दुकानातून ओंजळभर तांदूळ घेऊन आलो.

"मूठ म्हटलं, ओंजळ नाही."

"हात मोठा आहे माझा."

"हात नाही, खोड मोठी आहे. मूठ वळ."

मी वळली. थोडे खाली सांडले. "ही एक माझी. अजून एक बायकोची टाकतो."

"तिची मी टाकली रे. पहिल्याच दिवशी."

"मले न विचारता?"

"ती तुझ्या दुकानातून दर रविवारी मूठ आणून द्यायची. तिनं कधी विचारलं होतं तुला?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी ड्रमकडे वळलो आणि माझी एक मूठ टाकली. मग ड्रम हातगाडीवर चढवून चक्कीवर नेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मीही वाढायला होतो. माझ्या त्या जुन्या जागेवर एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. गरम चिला हातात घेत त्यानं विचारलं, "किसकी तरफ से है, सेठ?"

दुकानाचं नाव ओठांवर आलं होतं.

"पूरी गली की तरफ से," मी म्हणालो. "और एक ले. ठंडा हो जाएगा."