खोडाळ्याची गाडी

भूतबित मी मानत नाही. कित्येक वर्षं आमच्या भागातली माणसं घेऊन शहरात कामाला जाते. घाबरत बसायला वेळ असतो कुणाला? पण हे माझ्याच कानांनी ऐकलंय, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी एका शहरातल्या स्टेशनबाहेरचा परिसर सुधारायचं काम मिळालं होतं. रिक्षा एका बाजूला, बस दुसऱ्या बाजूला, मधे माणसांना चालायला मोकळा चौक... खरंच देखणं काम. माझी नऊ माणसं, सगळी खोडाळा-सूर्यमाळकडची. त्यातली भिकीबाई म्हणजे कारागीरच. तिनं फरशी बसवली की पाणी आपोआप गटाराकडे जातं, कुठे डबकं म्हणून राहत नाही.

त्या दुपारी सगळे तिकीटघराशेजारी, जुन्या सायकल स्टँडच्या भिंतीलगत गटाराच्या चरात उतरले होते. चर छातीइतका खोल. भिंतीला टेकू द्यायचे राहिले होते — चूक माझी, लपवत नाही.

तेवढ्यात स्टेशनच्या भोंग्यावर तो नेहमीचा बाईचा आवाज आला... “खोडाळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहे.”

खोडाळाच काय, आमच्या अख्ख्या मोखाडा तालुक्यात रुळाचा तुकडा नाही!

भिकीबाईनं घमेलं टाकलं. “ताई, आपली गाडी लागली!”

“इंजिन घाट चढंल का गं?” तिचा नवरा हसला.

“तू ढकल ना मागून. खातोस तर बैलावानी!” म्हणत ती वर चढलीसुद्धा. तिची गंमत बघायला बाकीचेही हसत मागोमाग वर आले. कामाला लागा म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं — आणि भिंत चरात कोसळली. अख्खी.

धूळ बसल्यावर मी माणसं मोजली. नऊ. पुन्हा मोजली.

स्टेशनात जाऊन चौकशी केली. तिथल्या साहेबांनी खोडाळा कुठे आलं, तेच मला विचारलं. बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही तसलं काही ऐकलं नव्हतं. आम्ही दहा जणांनी मात्र शब्द न् शब्द ऐकला.

टेकू दिल्याशिवाय आता मी कुणाला चरात उतरू देत नाही. चौक पुरा झाला. शेवटची फरशी भिकीबाईनं बसवली, हातानं पुसली आणि म्हणाली, “ताई, आता गाडी येल तवा उभं राहाया जागा झाली.”

मी हसले नाही. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण त्या स्टेशनवर भोंगा वाजला की मी थांबते... गावाचं नाव पुरतं ऐकूनच पुढे जाते.